आक्का मागच्या दारानं आली

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कारणं सापडत गेली. आधी नोकरी होती, मग मुलाचं लग्न होतं, मग मंदाचं दुखणं आलं. मंदा म्हणजे माझी बायको. ती गेली तेव्हा वाटलं, आता बोलावं. तेव्हाही बोललो नाही.

यंदा विंझरला नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत माझ्या शेजारी आमच्या वाडीची, आता विंझरला राहणारी एक म्हातारी बसली होती. पलीकडच्या बाईला ती सांगत होती, मला ऐकू जाईल अशा बेतानं.

"ह्यो गरीब गाय हाय गं. बायकू वंगाळ निघाली. तिनं आक्कीला घरात टिकू दिलं न्हाई."

मी भात कालवत होतो. कालवत राहिलो. वाढपी समोर आला, त्याला म्हटलं, थोडा रस्सा वाढ. जेवलो, हात धुतले आणि येऊन एसटीत बसलो.

मेलेल्या बायकोच्या डोक्यावर माझं पाप तसंच राहू दिलं आणि वर रस्सा मागून घेतला. गाडी सुटल्यावर हे ध्यानात आलं. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. खिडकीबाहेर भाताची खाचरं मागं जात होती, ती बघत बसलो.

म्हणून लिहितोय. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, माझ्या घरातून मंदानं घालवलं नाही. मी घालवलं.

पण आधी एक पायरी सांगायला हवी.

आमची वाडी भोर आणि वेल्ह्याच्या मधल्या डोंगरावर. धनगरवाडा. चार-सहा घरं, म्हशी, गाया आणि वर आभाळ. वाडीत शाळा नव्हती. मला शिकायला भोरात ठेवलं. एका मोठ्या घराच्या जिन्याखाली कोपरा होता, तो माझा. भाडं म्हणून आम्ही तूप द्यायचो. ते तूप आक्का आणायची. डोंगर उतरून, डोक्यावर मडकं घेऊन, बाजाराच्या दिवशी. आक्का कधी शाळेत गेली नाही. माझं शिक्षण तिच्या डोक्यावरून खाली आलं, असं म्हटलं तरी चालेल.

त्या घराला दोन दारं होती. पुढचं त्यांचं. मागचं मोलकरणीचं, लाकूडवाल्याचं आणि माझं. माझं घोंगडं आत आणायला परवानगी नव्हती. मागच्या पेरूच्या झाडावर ते टांगायचं. पावसाळ्यात ते भिजायचं आणि आठवडाभर वाळायचं नाही.

एका बाजाराच्या दिवशी मागच्या बोळात कोणी तरी लाकडं उतरवली होती. वाट बंद होती. आक्का पुढून आली. पुढच्या पायरीवर बसली, मडकं उतरवलं, पदरानं तोंड पुसलं. मालकीणबाई बाहेर आल्या. मडक्यात बोट घालून त्यांनी तूप चाटलं.

"छान आहे हो तूप. रवाळ आहे."

मडकं आत गेलं. मग त्या मोलकरणीला म्हणाल्या, "त्या पायरीवर पाणी ओत गं. म्हशीचा वास बसलाय."

आक्का अजून पायरीवरच बसलेली होती. मोलकरीण बादली घेऊन थांबली. मालकीणबाई म्हणाल्या, "ओत की."

तिनं ओतलं. आक्काचं लुगडं भिजलं. मालकांची मुलं ओटीवर होती, ती हसली. मी दारात होतो, हातात भूगोलाचं पुस्तक. मीपण हसलो.

होय, मीपण हसलो. हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

विटाळ म्हणावा तर तसं कोणी म्हणालं नाही. वास म्हणाले. विटाळाला कायदा आहे. वासाला कायदा नाही.

आक्का उठली. रस्त्यावर जाऊन तिनं पदर पिळला. मी मागून गेलो. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. ती म्हणाली, "हसलास ते ब्येस केलंस, बापू. रडला असतास तर जिन्याखालनं बी काढलं असतं."

मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तू मोटा हो. घर बांद. तुज्या घरात म्या फुडच्या दारानं यीन. ताठ मानंनं. तवर ही बोळ ब्येस हाय."

त्या दिवशी मी पुस्तक फेकून तिच्याबरोबर वर जायला हवं होतं. निदान मालकीणबाईंना एक शब्द बोलायला हवा होता. ते झालं नाही. मी शिकलो. शाळेत शिकवत होते ते शिकलो आणि घरमालक कसा असतो तेही शिकलो. दुसरा धडा जास्त पक्का बसला.

पुढं मी कचेरीत कारकून झालो. भोरच्या कडेला नवीन वसाहत पडत होती, तिथं जागा घेतली, घर बांधलं. शेजारी वकील, मास्तर, पेढीवाले. समोरचे वकीलसाहेब पहिल्याच दिवशी विचारते झाले, "कुठले तुम्ही?"

"विंझरकडचे," मी म्हणालो.

आक्काची लेक सुमन विंझरला दिलेली आहे, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं. विंझर सपाटीवरचं गाव. तिथं शेती आहे, दुकानं आहेत. विंझर म्हटल्यावर पुढचा प्रश्न येत नाही. वाडी म्हटली असती तर आला असता.

वास्तुशांतीला वाडीवर निरोप धाडला नाही. नंतर वर जाऊन वेगळं जेवण घातलं. "तुम्हाला उगाच डोंगर उतरायचा त्रास," असं सगळ्यांना सांगितलं. आक्का ताटावर बसली होती. म्हणाली, "बराबर हाय. गुडघं दुकत्यात आता."

ती कधी आमच्याकडं आली नाही. मी कधी बोलावलं नाही. दोघांनीही तो विषय काढला नाही.

मग एका पावसाळ्यात वाडीच्या वरच्या अंगाला डोंगराला भेग गेली. लांबच लांब, हात जाईल एवढी. कचेरीतली माणसं येऊन बघून गेली आणि खाली जा म्हणाली. वाडीत उरलं होतं कोण? तरणी माणसं कधीच पुण्याला गेली होती. आक्काचा नवरा वारलेला, मुलगा नाही. तिनं कोणाच्या तरी मोबाईलवरून मला फोन लावला.

"बापू, सुमी म्हंती विंझरला ये. पर जावायाच्या दारात म्या मरायची न्हाई. माणूस मराय माहेरी जातं. तुजी मागली खोली मोकळी हाय न्हवं?"

मी गप्प होतो. तिला काय वाटलं कोण जाणे. घाईघाईनं म्हणाली, "फुकाट न्हाई ऱ्हायची. भाडं दीन. एक गाय आणीन संगं, तिच्या दुदावर भागंल."

भाडं.

तो शब्द कानावर पडला आणि माझ्या छातीवरचं काही तरी उतरलं. पैशाचा प्रश्न नव्हता. मला पगार पुरत होता. पण भाडं घेतलं की ती भाडेकरू झाली. मग वसाहतीत कोणी विचारलं तर एका शब्दात उत्तर होतं. ही कोण, कुठली, तिच्या लुगड्याला कसला वास येतो, तुम्ही तिचे कोण, असलं काही उरत नव्हतं. आक्कानं मान राखायला तो शब्द दिला. मी तो तिलाच झाकायला वापरला.

मंदाला सांगितलं तेव्हा ती पीठ मळत होती. हात तसेच ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं.

"सख्ख्या बहिणीकडून भाडं घेणार? जीभ कशी वळली तुमची?"

"तीच म्हणते."

"ती म्हणेल. तुम्ही हो म्हणायचं?"

मी उत्तर दिलं नाही. कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला उत्तर न देता उभं राहणं चांगलं जमतं.

आक्का आली त्या दिवशीचं मला सगळं आठवतं. टेम्पो फाटकाशी थांबला. मागं गाय, भांड्यांचं गाठोडं, एक पेटी, घोंगडं. आक्का पुढून उतरली. नवं लुगडं नेसली होती. कपाळ मोकळं, पण केसांना तेल लावून चापूनचोपून बसवलेले. तिनं घराकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. असं बघितलं, की जणू तिनंच बांधलंय.

मंदा पुढच्या दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. वन्सं पहिल्यांदा घरी येताहेत, ओवाळून आत घ्यायचं. आक्कानं फाटक ढकललं. एक पाऊल आत टाकलं.

समोर वकीलसाहेब गॅलरीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला.

मी म्हणालो, "मागून ये. गाय आहे बरोबर."

आक्का थांबली. पायरीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, ती आता बोलेल. ती म्हणाली, "व्हय की. गाय हाय." आणि पाऊल मागं घेतलं. बोळातून वळसा घालून मागं गेली.

मंदा तुकडा हातात धरून उभीच राहिली. कोणावरून उतरून टाकायचा, तिला कळेना. शेवटी तशीच आत आली. तो तुकडा तिनं संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवला होता. मला दिसेल असा.

वकीलसाहेबांनी गॅलरीतूनच विचारलं, "पाहुणे?"

"भाडेकरू," मी म्हणालो. "मागची खोली दिली. पडून होती."

आक्का राहिली. वाईट राहिली असं नाही. पहाटे उठायची, शेण काढायची, धार काढायची, मंदाला दूध द्यायची. दुपारी दोघी निवडत-टिपत बसायच्या. मी मागच्या बाजूला गेलो की आक्का मोठ्यानं म्हणायची, "मालक आलं गं मंदे, पदर घे." मंदा हसायची. मीही हसायचो. थट्टाच होती. पण तिनं मला तिथं फारसं 'बापू' म्हटलं नाही. "मालक, नळाला पानी न्हाई." "मालक, पत्रा गळतुया." पहिल्या तारखेला खिडकीतून भाडं द्यायची. मी घ्यायचो.

भाऊबीजेला तिनं मला ओवाळलं. मागच्या खोलीत, दार लावून. दार मी लावलं. वारा आहे म्हणालो, दिवा विझेल. आक्का म्हणाली, "वारा तर काडीचा न्हाई." आणि ओवाळलं.

मग तक्रारी येऊ लागल्या. गायीचा वास. माश्या. एक दिवस वकीलसाहेब म्हणाले, "तुमच्या भाडेकरूंना सांगा जरा. आमच्याकडं पुण्याची माणसं येतात." मी म्हणालो, सांगतो. दुकानातून फिनेलची बाटली आणली आणि आक्कापुढं ठेवली. गाय बांधते तिथं ओतत जा म्हणून सांगितलं.

तिनं बाटली उघडली, हुंगली. "ह्ये पान्यात घालून वतायचं?"

"हो."

"पायरीवर बी वतू?"

मला कळलं ती काय म्हणतेय. मी म्हणालो, "पायरीचं कोण बोललंय?" आणि निघून आलो. आक्कानं फिनेल ओतलं. गाय दोन दिवस त्या जागेवर बसली नाही. उभ्या उभ्या झोप काढायची.

गाय व्याली ती उन्हाळ्यात. कालवड झाली. मागच्या बोळात पहिल्यांदाच आक्काचा आवाज चढलेला ऐकला, आनंदानं. आता आमच्या वाडीची रीत सांगतो. नव्यानं व्यालेल्या गायीचं पहिलं दूध पिवळं, दाट असतं. त्याला चीक म्हणतात. त्याचा खरवस करतात. चीक विकायचा नसतो. घरोघर वाटायचा. आणि वाटताना दारात उभं राहून कोणाच्या घरचा ते सांगायचं. मुक्यानं चीक देत नाहीत. ज्याला मिळाला त्यानं भांडं परत करताना धुवायचं नाही आणि रिकामं द्यायचं नाही. चार दाणे तांदूळ, चिमूटभर साखर, काही तरी टाकायचं. धुऊन, रिकामं भांडं परत आलं तर गाय आटते, असं मानतात. शास्त्र मला माहीत नाही. रीत माहीत आहे. मला माहीत होती, हे महत्त्वाचं.

आक्कानं मंदाकडून वाट्या, पातेली मागून घेतली. मंदानं काढून दिली. मी कचेरीत होतो. आक्का लुगडं बदलून निघाली आणि वसाहतीतल्या एकेका घराच्या पुढच्या दारात उभी राहिली. माझ्या घराच्या पुढच्या दारानं ती कधी आत आली नव्हती. दुसऱ्यांच्या पुढच्या दारात मात्र उभी राहिली, कारण चीक मागच्या दारानं देत नाहीत.

"समोरच्या बापूच्या घरचा चीक हाय. घ्या. म्या त्याची थोरली भन."

घरोघर हेच. तिच्या मनात काही खोट नव्हती. कोणाच्या घरचा ते सांगायचं असतं, म्हणून सांगितलं. मी वसाहतीत काय सांगून ठेवलंय, हे तिला माहीतच नव्हतं. निदान मला तेव्हा असं वाटत होतं.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा फाटकाच्या खांबावर भांडी रचून ठेवली होती. एकात एक घातलेली. लख्ख घासलेली. सगळी रिकामी. कोणी आत येऊनही दिली नव्हती.

वकीलसाहेब फाटकाशी आले. पाठोपाठ त्यांच्या बाई.

"खरवस फार छान झाला हो," बाई म्हणाल्या. "असा चीक विकतही मिळत नाही."

वकीलसाहेब हसत होते. "काय राव, एवढी वर्षं फसवलंत की आम्हाला. त्या आजी म्हणतात, तुमच्या सख्ख्या भगिनी. तुम्ही तर भाडेकरू म्हणाला होतात. आम्ही आपले विंझरचे पाटीलबिटील समजत होतो तुम्हाला."

तो माणूस दुष्ट नव्हता. थट्टा करत होता. एका शब्दात सगळं मिटलं असतं. हो, बहीण आहे. एवढंच म्हणायचं होतं. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवलाच असता. नळाला पाणी आलंच असतं.

मी म्हणालो, "छे हो. बहीण कसली? वाडीवरची बाई आहे, धनगराची. ओळखीची आहे म्हणून खोली दिली. त्या लोकांत सगळ्यांनाच भाऊ म्हणायची पद्धत असते."

त्या लोकांत.

बोलून झालं आणि वकीलसाहेबांची नजर माझ्या मागं गेली. मी वळलो. बोळाच्या तोंडाशी आक्का उभी होती. डोक्यावर गवताचा भारा. किती वेळ उभी होती, माहीत नाही.

आक्कानं भारा खाली ठेवला. पदरानं तोंड पुसलं. पायरीवर बसून पुसलं होतं, तसंच. मग वकीलसाहेबांना म्हणाली,

"व्हय सायब. भाडेकरूच हाय म्या. म्हैन्याच्या म्हैन्याला भाडं देती. भन म्हनाय जीभ लागली, येवडंच."

माझी लाज राखली तिनं. दुसऱ्यांदा. मग खांबावरची भांडी उचलली. एकेक उलटी करून बघितली. आत काही नव्हतं. ती पदरात घेऊन बोळातून मागं गेली.

मी घरात गेलो. हातपाय धुतले. चहा प्यायलो. मला काही वाटत नव्हतं. पाय बधिर झाला की चिमटा काढला तरी कळत नाही, तसं आत सगळं झालं होतं. मंदा स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. तिनं खिडकीतून सगळं ऐकलं होतं. ती एकच वाक्य बोलली. "तुमच्या मालकीणबाईंनी निदान पाणी ओतलं होतं."

ती पायरीची गोष्ट मी मंदाला कधी सांगितली नव्हती. म्हणजे आक्कानं सांगितली होती. मी हसलो होतो तेही सांगितलं का, हे मी मंदाला कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागं टेम्पो आला. आक्कानं गाय चढवली, कालवड उचलून मांडीवर घेतली. मंदा रडत होती. म्हणाली, "वन्सं, नका ना जाऊ. पुढच्या खोलीत राहा. मी बघते हे काय करतात ते."

आक्का म्हणाली, "मंदे, खोली झाडलीया. भाडं चुलीपाशी ठिवलंय. भाडेकरूला खोली सोडताना रडत्यात व्हय कुनी?"

मी दारात होतो. आतल्या दारात. बाहेर गेलो नाही. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज ऐकला.

ती विंझरला गेली. जावयाच्या दारात. जिथं मरायचं नाही म्हणाली होती, तिथं.

नातेवाइकांत बोललं जाऊ लागलं. भाऊ असा नव्हता, वहिनी आडवी आली असणार. अशा गोष्टीत दोष द्यायला घरात परक्याची लेक हजर असते. पहिल्यांदा कोणी तरी माझ्यासमोर बोललं तेव्हा मंदा शेजारीच होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पान लावत होतो. चुना जरा जास्त लागला, तो पुसत बसलो. त्यानंतर मंदानं माझ्याकडं कधी तसं बघितलं नाही. आक्काला भेटायला मात्र ती जात राहिली. एकटी. नातेवाईक म्हणायचे, आता पश्चात्ताप झाला हिला.

मी एकदाच गेलो. नसरापूरला उतरून वेल्ह्याची गाडी धरली. वाटेत वाक्य जुळवत होतो. एवढी वर्षं सरकारी पत्रं लिहिली, एक वाक्य जुळेना. आक्का सुमनच्या गोठ्यात होती. गायीच्या पाठीवरून हात फिरवत होती. वाळली होती. मला बघून म्हणाली, "ये. बस. सुमे, पाव्हनं आल्यात, चा ठेव."

पाव्हनं. आता मालकही नव्हतो.

मी तोंड उघडलं. आणि म्हणालो, "गाय दूध देते का?"

"आटली," आक्का म्हणाली. "भांडी धुवून आली न्हवं."

रागानं म्हणाली नाही. हवापाणी सांगावं तसं म्हणाली. चहा आला. मी प्यायलो. जावयानं शेतीचं विचारलं, मला शेती नाही, तरी मी उत्तर दिलं. निघताना आक्का फाटकापर्यंत आली. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ती थांबली होती. मी म्हणेन म्हणून थांबली होती, हे मला आज कळतं. तेव्हाही कळत होतं.

गाडी आली. मी चढलो.

ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी माहेरचं लुगडं घेऊन गेलो. बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालतात, ते भावानं आणायचं. सुमननं माझ्या हातातून घेतलं, घडी न मोडता फळीवर ठेवलं. म्हणाली, "असू द्या, मामा. आईनं सांगितलं होतं, हाय तेच लुगडं ऱ्हाऊ द्या म्हून."

मी खांदा दिला. लोक म्हणाले, भावानं शेवटपर्यंत केलं.

एवढं झालं. आता काय करणार, ते सांगतो.

मुलगा पुण्याहून फोन करतो. म्हणतो, बाबा, मागची खोली रंगवून घ्या, शनिवार-रविवार गडावर येणाऱ्या लोकांना देऊ, चांगलं भाडं येईल. मी गवंडी बोलावला आणि मागचं दार विटांनी चिणून टाकलं. आता या घराला एकच दार आहे. कोणालाही यायचं असेल, शेणाच्या हातानं, भिजल्या घोंगड्यानं, तर पुढून. ज्याला वास सोसत नाही, त्यानं फाटकाबाहेर थांबावं.

हा मजकूर मी वसाहतीच्या बैठकीत उभा राहून वाचणार आहे. वकीलसाहेब अजून आहेत. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्यानं वाचणार. मी विंझरचा नाही. मी धनगरवाड्यावरचा. माझं शिक्षण तुपावर झालं आणि ते तूप माझ्या सख्ख्या बहिणीनं डोक्यावरून आणलं. नंतर हेच विंझरला नेऊन त्या म्हातारीसमोर वाचणार. मंदा निर्दोष होती, हे तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय उठणार नाही. याचा कोणाला त्रास झाला तर व्हावा. मला काही मोकळं वाटायला नको आहे. मोकळं वाटण्याचा हक्क माझा नाही.

राहिली एक गोष्ट. त्या दिवशी वेल्ह्याच्या गाडीत जे वाक्य जुळेना, ते आता जुळलंय. आमच्या वाडीत माफी मागत नाहीत. तसा शब्दच कोणी वापरत नाही. माणूस चुकला तर दारात उभा राहतो आणि ज्याच्याशी चुकला त्याला घरात बोलावतो. बस. एवढंच असतं. विंझरच्या फाटकाशी, पिशवी खाली ठेवून, मला एवढंच म्हणायचं होतं—

आक्का, चुकलो. मंदा अजून भाकरतुकडा घेऊन उभी आहे. चल. पुढच्या दारानं ये.